आतड्यातील जिवाणूंचा हजेरीपट

संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आतड्यातील जिवाणूंविषयी आलेला पानभर लेख वाचला. ज्या विषयाचे नाव जेवणाच्या पानावर काढलेले घरात चालत नाही, त्याला आपण एवढी जागा दिलीत, याबद्दल आभार. तथापि लेखकाने जिवाणूंची 'चांगले' आणि 'वाईट' अशी सरळ वाटणी करून, चांगल्यांची भरती केली की मधुमेहापासून नैराश्यापर्यंत सारे आटोक्यात येते असा जो सूर लावला आहे, तो मला पटला नाही. मी ठाण्यात नौपाड्यात गेली अठ्ठावीस वर्षे औषधांचे दुकान चालवतो. मी डॉक्टर नाही आणि संशोधकही नाही. पण असा लेख छापून आला की सोमवारी सकाळी त्याचे कात्रण किंवा मोबाइलवरचा फोटो घेऊन लोक ज्या काउंटरसमोर उभे राहतात, त्या काउंटरच्या आतल्या बाजूला मी असतो, म्हणून हे लिहीत आहे.

आधी दोन किरकोळ दुरुस्त्या. आपल्या शरीरातील जिवाणू आपल्या पेशींच्या दहापट आहेत, हे लेखातील विधान १९७० च्या दशकातील एका ढोबळ अंदाजावर आधारलेले आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या फेरगणनेनुसार सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे जवळपास बरोबरी. आणि या साऱ्या जिवाणूंचे एकत्रित वजन साधारण दोनशे ग्रॅम भरते. दुसरे असे की, लेखात दह्याचे प्रणेते म्हणून आलेले रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल मिळाले ते दह्याच्या अभ्यासासाठी नव्हे, तर रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी. दह्याविषयीचे त्यांचे मत हा त्यांचा वेगळा छंद होता, आणि आतड्यातील जिवाणू जी द्रव्ये तयार करतात ती वार्धक्याला कारण होतात, असे ते मानत. त्यांचा निष्कर्ष आज कोणी जसाच्या तसा स्वीकारणार नाही, पण जिवाणू काय तयार करतात याकडे त्यांचे लक्ष होते, आणि आपल्या लेखात नेमके तेच सुटले आहे.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडला राहणारे माझे मेहुणे एक अहवाल घेऊन दुकानात आले. पोटात गॅस धरतो म्हणून त्यांनी ऑनलाइन एक किट मागवले होते, घरीच शौचाचा नमुना घेऊन कुरिअरने पाठवला होता आणि काही हजार रुपये मोजून चाळीस पानांचा रंगीत अहवाल पदरात पाडून घेतला होता. पहिल्या पानावर शंभरपैकी गुण, जसे शाळेच्या प्रगतिपुस्तकात असतात तसे. मधली पाने न उच्चारता येणाऱ्या नावांनी भरलेली. आणि शेवटच्या पानावर त्याच कंपनीच्या कॅप्सूलचा तीन महिन्यांचा कोर्स. प्रेव्होटेला नावाच्या एका जिवाणूपुढे लाल रंगात 'अधिक' असे छापले होते. "हा माझ्या पोटात कुठून आला?" असे त्यांनी अगदी घरात भाडेकरू घुसल्याच्या काळजीने विचारले. धान्य आणि भाजीपाला मुख्यत्वे खाणाऱ्या माणसांच्या आतड्यात प्रेव्होटेला भरपूर असतो, कारण वनस्पतींमधील तंतू तोडण्याचे काम तो करतो, आणि भारतीयांच्या नमुन्यांत तो ठळकपणे सापडल्याचे आपल्याकडील अभ्यासांत दिसले आहे. आयुष्यभर भाकरी, आमटी आणि पालेभाजी खाल्लेल्या गृहस्थाच्या आतड्यात तो आढळला, यात लाल शाई लावण्यासारखे काही नव्हते. हा अहवाल म्हणजे हजेरीपट होता. कोण हजर आहे आणि किती टक्के, एवढेच त्यातून कळत होते. हजर असलेले काय काम करत आहेत, याबद्दल त्यात अक्षर नव्हते, आणि निरोगी माणसात या टक्केवारीची मर्यादा कोणती मानावी, याचेही ठरलेले मोजमाप आज कोणाकडे नाही.

हे काम म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगतो. आपण जे खातो त्यातील साखर, पिष्ट, मेद आणि प्रथिने बहुतांशी लहान आतड्यातच पचतात व शोषली जातात. उरतो तो चोथा, म्हणजे भाजीचे देठ, धान्याचा कोंडा, डाळींची साले, पेरूच्या बिया, यांतील तंतू. हे तोडण्याची रसायने मानवी शरीराजवळ जवळजवळ नाहीतच. तो चोथा मोठ्या आतड्यात उतरला की तेथील जिवाणू तो आंबवतात, आणि त्यातून मुख्यतः तीन लहान आम्ले तयार होतात: अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य अन्न आहे. शरीरातील इतर अवयव रक्तातून आलेल्या साखरेवर वा मेदावर चालतात, पण या अस्तराच्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा जिवाणूंनी बनवलेल्या या आम्लातून घेतात. म्हणजे आपण दोन-चार दिवस नुसता मैदा आणि बटाटावडा यांवर काढले, तर आपले पोट भरलेले असते, पण आतड्याच्या त्या अस्तराच्या ताटात फारसे काही पडत नाही. ब्युटिरेटमुळे अस्तराच्या पेशींमधील सांधे घट्ट राहतात, आणि रोगप्रतिकारक पेशींपैकी ज्या दाह आवरतात त्यांची वाढ होण्यास ते मदत करते, असे २०१३ साली एकामागून एक प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. अर्थात हे प्रयोग उंदरांवरील होते, हे विसरता कामा नये.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण प्रश्न रोज विचारला जातो. ब्युटिरेट हे नाव लोण्यावरून आले आहे; खवट लोण्याला जो वास येतो तो याच आम्लाचा. साजूक तुपातही ते थोडे असते, आणि त्यावरून 'तूप खा, ब्युटिरेट मिळेल' असा संदेश सध्या मोबाइलवर फिरत आहे. वरणभातावर तूप मलाही हवेच असते, आणि त्यासाठी मला कोणा जिवाणूची शिफारस लागत नाही. पण तुपातील हे आम्ल लहान आतड्यातच शोषले जाते. मोठ्या आतड्यापर्यंत त्याचा थेंब पोचणे कठीण. तिथे ते हवे असेल तर तिथेच तयार व्हावे लागते, आणि ते तयार करण्यासाठी कच्चा माल म्हणून चोथाच पाठवावा लागतो.

शिवाय हे काम एकट्यादुकट्या जिवाणूचे नाही. दह्याच्या आणि कॅप्सूलच्या जाहिरातीत ज्यांचे नाव असते ते बायफिडो जातीचे जिवाणू स्वतः ब्युटिरेट बनवतच नाहीत. ते अ‍ॅसिटेट आणि लॅक्टेट बनवतात, आणि ते उचलून दुसरे जिवाणू त्याचे ब्युटिरेट करतात. एकाने सोललेले दुसऱ्याने चिरायचे आणि तिसऱ्याने शिजवायचे, अशी ही पंगतीच्या स्वयंपाकघरातली रीत आहे. अशा ठिकाणी एका आचाऱ्याचे नाव घेऊन 'हा चांगला' असे प्रशस्तिपत्र देण्यात काय अर्थ आहे?

'चांगले' आणि 'वाईट' या शब्दांवरचा माझा विश्वास उडाला तो मात्र पुस्तकामुळे नव्हे, माझ्या वडिलांच्या आजारपणामुळे. ते वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्तीनंतर त्यांना यकृताचा सिरोसिस, म्हणजे यकृत कठीण होत निकामी होण्याचा आजार, निघाला; जुन्या 'ब' प्रकारच्या काविळीचा तो परिणाम होता. आजार असूनही ते रोज सकाळी तलावपाळीला फेरी मारत, भाजी आणत, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचत. एका जुलैच्या रात्री दोन वाजता ते शर्ट-पँट घालून, केस विंचरून दाराशी उभे राहिले आणि आईला म्हणाले, "डबा दे, पहिली पाळी आहे." त्यांना निवृत्त होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. सकाळी त्यांनी वर्तमानपत्र हातात धरले, पण उलटे. डॉक्टरांनी त्यांना हात पुढे ताणून पंजे वर उचलायला सांगितले, तर पंजे पाखराने पंख झटकावेत तसे खाली पडत होते. मग कागद देऊन सही करायला सांगितली. ज्या माणसाने तीस वर्षे माल आल्या-गेल्याच्या पावत्यांवर दिवसाला शंभर सह्या केल्या, त्याच्या हातून कागदावर काही वेडीवाकडी रेघ उमटली.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मेंदूबद्दल नव्हता. "शौचाला किती दिवस झाले नाही?" चार दिवस. आतड्यातील जिवाणू प्रथिने आणि युरिया तोडतात तेव्हा अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत तो रक्तातून गाळून त्याचा युरिया करते आणि तो लघवीवाटे जातो. पण यकृत निकामी होत आले असेल तर हाच अमोनिया थेट मेंदूपर्यंत पोचतो, आणि बद्धकोष्ठ असेल तर तो तयार व्हायला व शोषला जायला भरपूर अवधी मिळतो. उपचार म्हणून डॉक्टरांनी लॅक्ट्युलोजचे सिरप लिहून दिले. हे सिरप मी त्याआधी हजारो बाटल्यांनी विकले होते, 'पोट साफ व्हायचे औषध' म्हणून, आणि त्याहून अधिक विचार कधी केला नव्हता. लॅक्ट्युलोज ही माणसाला न पचणारी साखर आहे. ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात जाते, तेथील जिवाणू ती आंबवून आम्ले बनवतात, त्या आम्लतेत अमोनियाचे रूप असे बदलते की तो रक्तात सहज शोषला जात नाही, आणि पोट मोकळे होताना तो बाहेर पडतो. दिवसातून दोन-तीनदा सैल शौच होईल इतपत मात्रा ठेवायची, असे आम्हाला बजावले होते. आई रोज सकाळी एका दोनशे पानी वहीत तारीख घालून वडिलांची सही घेत असे. तिसऱ्या दिवशी आडनावाचे पहिले अक्षर लागले. पाचव्या दिवशीची सही बँकेत चालली असती.

ही वही आजही माझ्याकडे आहे. वडिलांच्या आतड्यातील जिवाणू त्या पाच दिवसांत बदलून सज्जन झाले होते, असे मला वाटत नाही. त्यांच्यापुढे जे आले, त्याचे त्यांनी जे व्हायचे ते केले. कुजत पडलेल्या प्रथिनांचा अमोनिया केला आणि साखर मिळाल्यावर आम्ल केले. जिवाणूंनी बनवलेले एक द्रव्य माणसाला आपले वय विसरायला लावते आणि दुसरे ते परत आणून देते, याचा याहून स्वच्छ पुरावा मी पाहिलेला नाही, आणि तो गेली कित्येक दशके रोजच्या वैद्यकात वापरात आहे. आतडे आणि मेंदू यांच्या नात्याविषयी आपल्या लेखात तीन परिच्छेद आहेत. त्यांत याचा उल्लेख नाही, आणि 'शरीरातील नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते, म्हणून आनंदाचा उगम पोटात आहे' हे वाक्य मात्र आहे. सेरोटोनिन म्हणजे मनःस्थितीशी जोडले जाणारे एक संदेशवाहक द्रव्य, आणि आकडा बरोबर आहे. पण आतड्यातील ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, त्याचे काम मुख्यतः आतड्याच्या हालचालीशी आहे. नैराश्याच्या गोळ्या घेणारे माझे दोन गिऱ्हाईक त्या वाक्यावर बोट ठेवून 'गोळी बंद करून दही सुरू करू का' असे विचारून गेले. त्यांना मी डॉक्टरांकडे पाठवले, पण जे विचारायला आले नाहीत त्यांचे काय?

माझ्या व्यवसायाशी निगडित आणखी दोन उदाहरणे देतो. आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारावर सल्फासॅलॅझिन नावाचे जुने औषध आहे. गोळी गिळताना ते एका अर्थी बंद पाकीट असते. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचा मधला बंध तोडतात तेव्हा आतले उपयोगी औषध मोकळे होते, आणि तेही नेमके जिथे सूज असते तिथे. याच्या उलट हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या डिगॉक्सिनची गोष्ट: सुमारे १० टक्के रुग्णांच्या आतड्यात एगर्थेला लेंटा हा जिवाणू त्यातील बराचसा भाग निष्प्रभ करून टाकतो. अशा रुग्णाने मध्येच एखादे अँटिबायोटिक घेतले, तर तो जिवाणू दबतो आणि तीच रोजची गोळी रक्तात जास्त प्रमाणात उतरू शकते. डिगॉक्सिनची सुरक्षित मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार कमी असते, त्यामुळे ही बाब पुस्तकी राहत नाही.

मासळीबद्दलही लिहिले पाहिजे, कारण लेखात टीएमएओ या द्रव्याचा 'हृदयविकाराचा नवा खलनायक' असा उल्लेख आहे. अंड्याच्या बलकातील कोलीन आणि तांबड्या मांसातील कार्निटीन यांपासून जिवाणू ट्रायमिथाइलअमीन बनवतात, यकृत त्याचे टीएमएओ करते, आणि ज्यांच्या रक्तात ते अधिक त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळतो, असे अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमधील संशोधकांनी २०११ पासून मांडले आहे. हे महत्त्वाचे संशोधन आहे. पण समुद्रातील माशांच्या अंगात टीएमएओ मुळातच असते. शिळ्या मासळीला जो वास सुटतो तो त्यापासूनच झालेल्या ट्रायमिथाइलअमीनचा. बांगड्याचे कालवण जेवून उठलेल्या माणसाच्या रक्तात हे द्रव्य वाढलेले सापडेल, आणि तरीही मासळी खाणे हृदयाला बाधते असे कोणी म्हणत नाही. चेंदणी कोळीवाड्यातील माझी जुनी गिऱ्हाईके तो लेख वाचून हसली असतील अशी मी आशा करतो.

आता अँटिबायोटिकविषयी, आणि इथे आधी माझीच चूक कबूल करतो. दुकान नवे होते त्या वर्षांत 'तीन गोळ्या द्या हो, नेहमीच्या' असे कोणी म्हटले की चिठ्ठी न मागता मी अ‍ॅझिथ्रोमायसिनची स्ट्रिप कापून दिलेली आहे, आणि ती बहुधा विषाणूजन्य सर्दीतापासाठी, जिथे तिचा काडीचा उपयोग नव्हता. चिठ्ठीशिवाय ती विकणे तेव्हाही नियमाला धरून नव्हते. २०१४ पासून अनुसूची 'एच-१' मधील, म्हणजे अधिक कडक नोंद ठेवून विकायच्या, औषधांसाठी रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते, २०१६ पासून 'लाल रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका' हे सांगणारी स्ट्रिपवरील उभ्या लाल रेघेची मोहीमही केंद्र सरकारने राबवली. मी आता चिठ्ठीशिवाय देत नाही आणि त्यामुळे आठवड्याला दोन-तीन गिऱ्हाईके चिडून समोरच्या दुकानात जातात. डेन्मार्कमधील एका अभ्यासात १२ निरोगी तरुणांना तीन जबर अँटिबायोटिके चार दिवस देऊन पुढे सहा महिने तपासले होते. दीड महिन्यात त्यांच्या आतड्यातील वस्ती बरीचशी पूर्ववत झाली, पण आधी सर्वांमध्ये असलेल्या नऊ जाती बहुतेकांत सहा महिन्यांनंतरही सापडल्या नाहीत. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. गरज असताना अँटिबायोटिक जीव वाचवते, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले टाळावे असे मी कोणालाही सांगणार नाही. पण सर्दीसाठी घेतलेल्या तीन गोळ्यांची किंमत स्ट्रिपवर छापलेली नसते.

"मग सोबत जिवाणूंची कॅप्सूल घेतली की झाले," असे यावर उत्तर येते, आणि लेखातही तसेच सुचवले आहे. २०१८ सालीच इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी अँटिबायोटिक घेतलेल्या माणसांचे गट करून पाहिले, तेव्हा कॅप्सूल घेणाऱ्यांच्या आतड्यात मूळची वस्ती परतायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा, अधिक काळ लागला. याचा अर्थ असे उपचार निरुपयोगी आहेत असा मी काढत नाही. ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एक विशिष्ट लॅक्टोबॅसिलस जिवाणू त्याच्या खाद्यासह आठवडाभर दिल्याने जंतुसंसर्ग व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. आपल्या देशात झालेले हे मोलाचे काम आहे आणि लेखात त्याला एक ओळही नाही. पण ती चाचणी नेमका एक वाण, नेमके एक वय आणि नेमका एक उद्देश घेऊन झाली होती. त्या यशाच्या बळावर माझ्या फडताळातील चौदा वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅप्सूल चाळिशीच्या माणसाच्या गॅसवर खपवणे हा व्यापार झाला, आणि त्या व्यापारात माझाही नफा आहे हे मी लपवत नाही. लहान मुलाला जुलाब लागले की आई आधी हीच पावडर मागते. मी आधी ओआरएसची पाकिटे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक पुढे करतो, कारण मूल दगावते ते अंगातले पाणी गेल्याने.

खाद्य महत्त्वाचे, हे दाखवणारा एक प्रयोग मला विशेष आवडतो. ढाक्याच्या मीरपूर वस्तीतील कुपोषित बालकांना हरभरा, सोयाबीन व शेंगदाणा यांची पिठे आणि कच्चे केळे यांपासून बनवलेला पूरक आहार तीन महिने दिला गेला. जिवाणूंच्या वाढीला पोषक ठरेल अशा बेताने तो अमेरिकेतील जेफ्री गॉर्डन आणि बांगलादेशातील संशोधकांनी जुळवला होता. नेहमीच्या पूरक आहारापेक्षा त्यात उष्मांक कमी होते, तरीही मुलांचे वजन अधिक चांगले वाढले. हे निष्कर्ष २०२१ साली आले. हरभरा, शेंगदाणे, कच्ची केळी. यांतील काय आमच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारात मिळत नाही?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांनी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे खावीत असे सांगते. बाजारात गेल्यावर हे ग्रॅम डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून मी माझ्या घरचेच सांगतो. भाकरी ज्वारीची किंवा नाचणीची, आठवड्यातून चार दिवस तरी, कुळथाचे पिठले, गवार, शेवगा, माठ, आणि माठाचे कोवळे देठ फेकायचे नाहीत, पेरू बियांसकट, घरी विरजलेले दही. आणि वाल. कडवे वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे, हे काम आमच्या घरी आजही आईच्या मांडीवरच्या परातीत चालते. वालाने गॅस होतो हे खरे, कारण त्यातील काही साखरा माणसाला पचत नाहीत आणि जिवाणू त्या आंबवतात; मोड आणल्यावर त्या साखरा बऱ्याच कमी होतात. आपल्या आज्यांना ही रसायने ठाऊक नव्हती, पण बिरडे कोणाला पचते आणि कोणाला नाही हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले होते. ज्याला चोथ्याची सवय नाही त्याने एकदम ताटभर कडधान्य खाऊ नये; दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे आणि पाणी पुरेसे प्यावे. आतड्याला सूज असलेल्यांनी, आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

शिळ्या भाताबद्दलही हल्ली फार लिहिले जाते. शिजलेला भात थंड झाला की त्यातील थोड्या पिष्टाचे न पचणारे रूप होते आणि ते जिवाणूंच्या कामी येते, हे बरोबर. पण त्याचे प्रमाण माफक असते. शिवाय ठाण्याच्या दमट हवेत रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढू शकतो, त्याचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत आणि त्याने सोडलेले विष फोडणी दिल्यानेही जात नाही. फोडणीचा भात करायचाच तर रात्रीचा भात वेळेवर फ्रिजमध्ये जायला हवा.

आता आपल्याकडे एक स्पष्ट मागणी. ज्या पानावर हा लेख होता त्याच पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात जिवाणूंच्या कॅप्सूलची आणि त्याशेजारी घरबसल्या तपासणी करून देणाऱ्या किटची जाहिरात होती. लेखातील 'आपल्या आतड्याची तपासणी करून घ्या' हे वाक्य आणि जाहिरातीतील वाक्य यांत एका शब्दाचाही फरक नव्हता. हा योगायोग असेल तर तो योगायोग आहे, आणि नसेल तर लेखाच्या डोक्यावर 'जाहिरात' हा शब्द वाचता येईल अशा टाइपात छापायला हवा होता. जिवाणू व पेशी यांच्या संख्येची आणि सेरोटोनिनविषयीच्या विधानाची दुरुस्ती आपण पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर द्यावी. पोटविकारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात या विषयावर काम झाले आहे तेथील जाणकार यांच्याकडून लिहवून घेतल्यास वाचकांना भारतीय आतड्यांविषयी भारतीयांनी काय शोधले हेही कळेल.

मेहुण्यांनी कॅप्सूलचा कोर्स घेतला नाही. त्यांचा गॅस रात्री साडेदहाला जेवून लगेच आडवे होण्याने आणि दुपारी ऑफिसखालच्या गाडीवरच्या दोन सामोशांनी वाढत होता, असे त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी त्यांना शंभरेक प्रश्न विचारून काढले. तपासणीचा चाळीस पानी अहवाल सध्या माझ्या दुकानात आहे. कागद चांगला जाड आहे, पुड्या बांधायला उपयोगी पडतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक औषधविक्रेता
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, तो छापू नये, ही विनंती.)